तुमचा नंबर यादीत नाही

शेतवस्ती, वडीगोद्री
९ डिसेंबर २०२५

चि. शीतलला सोनूबाईचा आशीर्वाद.

तुझ्या मोबाईलला पाठीमागं चार डोळे हायत, त्याच्यात चांदण्यांचा फोटो निघतो, तोंड बघून कुलूप उघडतं, हे सगळं तू मला दिवाळीत दाखवलंस. आज्जीचा नंबर बदलला एवढं ध्यानात ठेवायला मातर त्याच्यात जागा उरली न्हाई. दिवाळीला येताना शहागडच्या पुलावरून "पोचतेच, चहा टाक" म्हणायला तू फोन लावलास तो जुन्या नंबरावर. चहा कोणी टाकला न्हाई. विहिरीवरची मोटर चालू झाली, पाइप अंगणात सोडलेला होता, आन् तुझी आई धुणं वाळत घालता घालता घोट्याएवढ्या पाण्यात उभी राह्यली.

तुला पुन्हा सांगते, आता तरी ऐक. आषाढात तुझ्या बापानं, माझ्या भागवतनं, मोटारीला तो मोबाईलचा डबा बसवला. त्याला मिस कॉल दिला की मोटर चालू होती, विहिरीवर जायची गरज न्हाई. डब्याला कार्ड लागतं. म्हणून भागवतनं माझ्या बटणाच्या फोनातलं कार्ड काढून त्याच्यात घातलं, आन् मला हा काचेचा फोन दिला, नव्या नंबराचा. तो बी माझं तोंड बघून उघडतो. सकाळी दात लावायच्या आधी बघितलं तर ओळखत न्हाई.

लिहून राह्यली दैवशाला, आपल्या बांधाला लागून राहती ती अंगणवाडीवाली. तू फोनात ते बोललेलं लिहून घेणारं टाकून दिलंस ना, ते मी एक डाव करून बघितलं. मी घटकाभर बोलले, त्यानं दोन ओळी लिहिल्या. दैवशालेनं वाचून दाखवलं, सगळं बराबर होतं, पण मधलं वायफळ गाळलेलं. मला तर वायफळच पाठवायचं होतं. आवाज भरून पाठवावा म्हणलं तर आपल्या घरात फोन आता कोणी कानाला लावत न्हाई, ताटासारखा समोर धरतात, गोठ्यातल्या म्हशीलाबी ऐकू जातं. म्हणून कागद. जवाब दैवशालेच्या नावानं पाठव.

बागेला ताण धरून अकरा-बारा दिवस झाले. पुण्यात राहून इसर पडला आसंल म्हणून सांगते. या दिवसांत मोसंबीचं पाणी तोडायचं. झाडं तहानेनं माना टाकतात, पानं पिवळी पडून गळतात, बघवत न्हाई. संक्रांतीला पाणी सोडलं की तीच झाडं फुलानं लगडतात. मधी एक डाव जरी पाणी पाजलं तर झाड म्हणतं मिळालं की, आन् नुसती पालवी फोडत बसतं. फूल न्हाई तर फळ न्हाई. चारशे झाडं हायत, आपलं वरीस त्यांच्यावर हाय. म्हणून तुझ्या बापानं मोटारीचे तिन्ही फ्यूज काढून कोनाड्यात ठेवले होते.

काल सकाळी मोटर चालू झाली. भागवत आठ वाजता गेला तर खालच्या अंगाची अकरा झाडं चिखलात, आन् फ्यूज जागेवर. ते कोणी बसवले हे त्याचं त्याला आठवंना. म्हणतो मीच बसवले आसतील, डोकं ठिकाणावर न्हाई. मंग फोन कोणाचा आला? तर दिवाळीमुळं तुझं नाव पुढं आलं. दिवसभर बांधावरून येरझारा मारून राह्यला, जेवला न्हाई. आज आदिनाथ मेकॅनिक येऊन डब्यात कायबाय दाबून गेला. तुझा बाप म्हणतो, हे जुनं कार्डच नको, संक्रांतीच्या आत नवीन घालतो, हे फेकून देतो.

आता माझं काम ऐक. बापाला फोन कर आन् म्हण की आठ तारखेला चुकून मीच लावला, पुन्हा लावणार न्हाई. आन् म्हण की ते जुनं कार्ड फेकू नका. आज्जीची आठवण हाय म्हण, बँकेला लागतं म्हण, काय बी म्हण, शिकलेली हायस. कामून ते इचारू नको. तू शाळा बुडवून चिंचा पाडायला जायचीस तवा मी मास्तरला काय सांगायचे ते तू कधी इचारलं न्हाईस. तसंच हे.

माझं ठीक हाय. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की विहिरीवर जावंसं वाटतं. बाकी ठीक.

सोनूबाई
(अंगठ्याऐवजी या खेपेला त्यांनी पूर्ण पंजा उमटवायचा म्हटलं होतं. मी नको म्हटलं. — दैवशाला)


पुणे
१५ डिसेंबर २०२५

ती. आज्जीस साष्टांग नमस्कार.

सांगितलंस तसं केलं. बाबांना फोन करून म्हटलं की आठ तारखेला माझ्याकडून चुकून लागला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं "बरं" म्हणाले आणि अकरा झाडांचं सांगत बसले, कोणत्या झाडाला मागच्या वर्षी किती फळ होतं ते. कार्डाबद्दल म्हणाले, बघू. ते "बघू" आणि ते "बरं", दोन्ही तेव्हापासून डोक्यात आहेत. कामात लक्ष नाही.

तू विचारू नको म्हणालीस म्हणून तुला विचारलं नाही. मोबाईलला विचारलं.

त्या मोटरच्या डब्याचं एक अ‍ॅप असतं. दिवाळीत मीच ते बाबांच्या आणि माझ्या मोबाईलवर टाकलं होतं. बाबांना मिस कॉल देता येतो एवढंच पुरतं, त्यांनी ते उघडूनही पाहिलं नसणार. त्यात डबा बसवल्यापासून त्याच्यावर आलेल्या प्रत्येक फोनची नोंद दिसते. फ्यूज काढले तरी आतल्या बॅटरीवर तो जागा असतो. मी यादी उघडली तर जुलैपासून रोज एकच नंबर. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं, कधी अकरा. एक घंटी आणि कट. एकही दिवस खाडा नाही.

तो नंबर माझ्याकडे होता. परतूरच्या गिरजाआज्जीचा. तुझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातून रोज आपली मोटर चालू होते, आज्जी.

मला वाटतं तुला हे माहीत होतं आणि तू मला दुखवायचं नाही म्हणून लपवलंस. दोन वर्षांपूर्वी मी तिच्या तातेरावकाकांच्या बायकोच्या भाच्याला लग्नाला नाही म्हटलं, तेव्हापासून बाबा आणि काका एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एवढा राग असेल असं मात्र वाटलं नव्हतं. हा नंबर मोटरवर आहे हे त्यांच्यापैकी कोणाला तरी कळलं असणार. ताण चालू असताना पाणी सुटलं तर काय होतं हे परतूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. गिरजाआज्जीचा मोबाईल वापरायचा म्हणजे नाव तिचं.

पण काळजीचं कारण आता उरलं नाही, ही त्यातली चांगली बातमी. आदिनाथने नऊ तारखेला डब्यात यादी भरली आहे. ठरावीक पाच नंबर सोडून कोणाचाही फोन आता चालत नाही. दहा तारखेला तिकडून फोन आला तो "नाकारला" असं लिहिलंय. त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. त्यांना कळलं असावं की डाव फसला.

तरी हे बाबांना सांगायला हवं. माझ्यावरचं खोटं मी घेतलंय, त्याचं काही नाही, पण खरं कोण ते त्यांना माहीत असावं. तुझं उत्तर आलं की सांगते.

तुझी
शीतल


शेतवस्ती, वडीगोद्री
२० डिसेंबर २०२५

शीतल,

बापाला सांगू नको. आधी हे, मंग बाकीचं.

दैवशाला म्हणाली मी फोन करून सांगते शीतलला. म्हणलं कर, पण फोनवर एवढंच सांग की गिरजाची खबर काढ, जल्दी काढ. बाकीचं कागदावर. हे फोनावर सांगायला बसले तर मी रडंन, आन् दैवशालेच्या ओट्यावरचं रडणं आपल्या ओट्यावर ऐकू जातं.

(आज्जी उभ्यानेच सांगत आहेत. दोनदा दारापर्यंत जाऊन आल्या. — दैवशाला)

गिरजा मोटर चालू करत न्हाई. गिरजा मला सांगती की ती उठली.

आमचा बाप वारला तवा परतूरहून माणूस सायकलीवर निरोप घेऊन आल्ता, दुसऱ्या दिवशी. तोंड बघायला मिळालं न्हाई. पुढं शहागडला रस्त्याच्या कडेला काचेची खोली झाली, आत लाल आकडे पळायचे. तुझा आजोबा रामराव त्या आकड्यांकडं बघत बोलायचा, आन् सांगायचं तेच राहून जायचं. मंग त्यानं पहिला मोबाईल घेतला, अर्ध्या विटेएवढा. रेंज फक्त गोठ्याच्या पत्र्यावर. एवढा थोरला माणूस पत्र्यावर चढून हॅलो हॅलो करायचा, खाली म्हशी दावं तोडायच्या. त्याच्या माघारी बटणाचा फोन माझ्या कमरेला आला. त्याला उजेडाची बॅटरी, त्याला गाण्याचा रेडू, एकदा चार्जिंग केला की आठवडाभर बघायचं न्हाई. मला आकडा वाचता येत न्हाई, पण वरच्या ओळीतलं मधलं बटण आंधळ्यालाबी सापडतं. ते दाबून धरलं की गिरजा. भागवतनंच बसवून दिल्ती. तिच्या फोनात बी दोनवर मी.

तुझ्या लग्नाच्या बोलण्यावरून बिनसलं तवा भागवतनं मला शपथ घातली, तातेरावनं तिला. दोन्ही घरांचं बोलणं बंद. यांचं कोणी गेलं तरी त्यांना कळवायचं न्हाई, इथपर्यंत बोलून बसले दोघं. आम्ही दोघींनी लेकांना शब्द दिला की बोलणार न्हाई. वाजवायचं न्हाई असं कोणी म्हणलं न्हवतं.

तवापासून रोज सकाळी चुलीला जाळ झाला की तिची एक घंटी. म्हणजे मी उठले, गुडघा दुखतो पण हाय. मंग माझी एक घंटी. म्हणजे मी बी. उचलायचं न्हाई. दोन वर्षांत एक शब्द बोललो न्हाई, शब्द मोडला न्हाई.

आषाढात कार्ड मोटारीत गेलं. मला म्हणता येईना की काढू नको, कामून काढू नको ते सांगावं लागलं असतं. म्हणलं संपलं. तर दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसले आन् विहिरीकडून मोटारीचा आवाज आला. भागवत म्हणला कंपनीचा फोन आसंल. म्हणलं, आसंल. पाच महिने माझी बहीण पाण्यातून बोलून राह्यली होती, आन् मी ऐकून राह्यले होते. ज्या दिवशी लाइट नसायची त्या दिवशी जीव खालीवर व्हायचा.

मंग ताण धरला, फ्यूज निघाले, मोटर मुकी झाली. दहा दिवस कळ काढली. अकराव्या दिवशी पहाट फुटल्यावर मीच जाऊन फ्यूज बसवले. रामरावला बसवताना हजार वेळा बघितलं होतं. म्हणलं बागेचा वॉल बंद करते, पाणी हौदात जाईल, नुसता आवाज ऐकते आन् काढून ठेवते. वॉल फिरवला, पण उलटा फिरवला. आवाज आला आन् मला इतकं बरं वाटलं की पाणी कुठं चाललं ते बघायचंच राह्यलं. तेवढ्यात तुझ्या आईनं, सुरेखानं हाक मारली, मी तशीच उठून आले. दुसऱ्याला विसरभोळी म्हणणारी मी. अकरा झाडं मी भिजवली, आन् नाव तुझं पुढं केलं.

आन् तू लिहितेस, दहा तारखेपासून फोन न्हाई, चांगली बातमी. आज वीस तारीख हाय. दैवशालेनं ते वाचलं तवा माझ्या हातातली परात पडली. गिरजानं धो धो पाऊस असताना वाजवलंय, तापात वाजवलंय. ती न वाजवता राहत न्हाई.

मला कोणाला इचारता येत न्हाई. तुला इचारता येतं. तू शब्द दिलेला न्हाई.

सोनूबाई


परतूर, रेल्वे स्टेशन
२८ डिसेंबर २०२५

ती. आज्जीस साष्टांग नमस्कार.

गिरजाआज्जी आहे. मघाशी दैवशालामावशींना फोनवर एवढं सांगितलं, ते तुझ्यापर्यंत पोचलं असेल. बाकीचं गाडीची वाट बघत इथल्या बाकावर बसून लिहिते आहे.

दैवशालामावशींचा निरोप आला तसा मी तिला फोन लावला. घंटी गेली, उचलला नाही. काकांना लावला, त्यांनी कट केला. तुझं पत्र येईपर्यंत रोज लावत राहिले. मग रेल्वेत बसले. दार वाजवण्याआधी त्या घरावरून दोनदा पुढे निघून गेले, तुला खोटं कशाला सांगू. काका बाजारात गेले होते. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, बस म्हणाल्या. भाच्याचं मागच्या उन्हाळ्यात लग्न झालंय. त्याच्या बायकोचा फोटो काकूंनी मला मोबाईलवर दाखवला, दोन बोटांनी ताणून ताणून मोठा करून, नथीपर्यंत. मी छान आहे म्हटलं. खरंच छान आहे.

गिरजाआज्जी आतल्या खोलीत खाटेवर होती. गुडघ्याला पट्टा, गळ्यात दोरीला बटणाचा मोबाईल. मला बघून म्हणाली, "सोनीनं धाडलं का? तिला म्हणावं, धाडलं कशाला, मी कोण तिची?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी खाटेच्या कडेला बसले. मग एकदम सगळं बोलली. जुलैपासून ती वाजवत राहिली आणि तुझी घंटी एकदाही परत आली नाही. पहिल्यांदा वाटलं तुझी कंबर धरली असेल. मग वाटलं फोन बिघडला. पण घंटी तर जात होती, म्हणजे तिकडे कोणीतरी आहे. म्हणून वाजवत राहिली. दहा तारखेला पहिल्याच घंटीला कोणीतरी उचललं. बाईचा आवाज. गिरजाआज्जीने तिची नक्कल करून दाखवली, मान ताठ करून: "तुमचा नंबर यादीत नाही. धन्यवाद."

"आमच्या बापाच्या घरी आम्ही दोघीच," ती म्हणाली. "दोघींचीच यादी. त्यातून मला काढलं, आन् सांगायला बाई ठेवली."

ती बाई म्हणजे डब्यातला भरलेला आवाज, आदिनाथने यादी केल्यापासून तो परक्या नंबराला असं सांगतो, हे समजावून द्यायला मला अर्धा तास लागला. मग तिने तीनदा विचारलं, म्हणजे मी वाजवलं की सोनीच्या बागेत पाणी जायचं? जायचं, म्हटलं. रोज? रोज. ती इतकी हसली की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या. या घरात तिच्या हाताला मोरीतल्या बादलीपुरतं पाणी. आणि पाच महिने तिच्या एका बोटावर विहीर चालत होती.

मी माझा मोबाईल काढला, म्हटलं आत्ता दोघींना समोरासमोर दाखवते, तोंड बघा, बोला. तिने माझा हात धरला. "बोलायचं न्हाई ठरलंय. सोनीनं पाळलं, मी मोडू का?"

म्हणून एवढंच केलं. तिच्या फोनात तीनवर तुझ्या काचेच्या फोनाचा नंबर बसवून दिला. ताण संपेपर्यंत ती तीन दाबेल, घंटी तुझ्या हातात वाजेल, बाग कोरडी राहील. दोन मात्र तिने बदलू दिलं नाही. ते बागेचं, म्हणाली.

काचेच्या फोनात तू फोटोवर बोट ठेवूनच फोन लावतेस, म्हणून तुझी घंटी तिला जायची तर तिचा फोटो तुझ्या फोनावर हवा. फोटो काढलाय, दैवशालामावशींच्या मोबाईलवर पाठवलाय. तो तुझ्या फोनावर बसला की बाबांना दिसणार. ते तू ठरव.

आणखी एक लिहू की नको असं मगापासून चाललंय. तिची घंटी तुला ऐकू येत होती, आज्जी. तुझी तिला पाच महिने नाही. तू मला विसरभोळी म्हणतेस म्हणून लिहिलं.

निघताना काकूंनी चहा केला. गाडी आली.

तुझी
शीतल


शेतवस्ती, वडीगोद्री
१६ जानेवारी २०२६

चि. शीतलला सोनूबाईचा आशीर्वाद.

परतूरपर्यंत आलीस आन् घराचा रस्ता इसरलीस. ते राहू दे, शेवटी सांगते तू काय काय इसरलीस ते.

गिरजाचा फोटो सहा दिवस दैवशालेच्या फोनात पडून होता. तीन जानेवारीला मी म्हणलं, बसव. तिनं बसवला. चार तोंडं होती काचेवर, भागवत, सुरेखा, तू, दैवशाला. पाचवी गिरजा. दात कुठं गेले तिचे? मी ओळखलं ते नाकावरून, बापाचं नाक हाय.

फोटो बघून भागवतनं इचारायच्या आत आपणच सांगावं म्हणून मी बागेत गेले. तो त्या अकरा झाडांपाशी उभा होता. बाकीची बाग वाळून काटक्या झाल्ती, आन् ती अकरा हिरवीगार, नवी पालवी फुटलेली. बघून डोळ्यांना बरं वाटावं, आन् त्याचंच वाईट वाटावं.

म्हणलं, फ्यूज मी बसवले.

मंग सगळं सांगितलं. सहा दहाचं, दोनच्या बटणाचं, तुझ्याकडून खोटं बोलवलं त्याचं. तो ओळीच्या त्या टोकापर्यंत चालत गेला आन् परत आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मी उभीच.

"माय," तो म्हणला, "तुझं कार्ड मी काढून घेतलं, आन् तू एका शब्दानं बोलली न्हाईस?"

"शब्दच तर दिल्ता तुला," म्हणलं.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी आदिनाथ आल्ता. मला वाटलं कार्ड फेकायला. भागवतनं मला बोलावून डब्यापुढं उभं केलं आन् त्याला म्हणला, यादीत मावशीचा नंबर घाल. आदिनाथ म्हणला, पाचच बसतात, पाच भरलेत, एक काढावा लागंल. भागवत, सुरेखा, आदिनाथ स्वतः, बटईनं, वाट्यानं आपलं शेत करतो तो रामप्रसाद, आन् तू. भागवत म्हणला शीतलचा काढ, ती तशीबी चुकून लावती. तवा आता तू यादीत न्हाईस. त्या नंबरावर लावलास तर ती बाई तुला बोलंल. कसं वाटतं बघ ऐकून.

मी भागवतकडं बघितलं तर म्हणतो, "मी त्यांच्याशी बोलणार न्हाई. पण पाणी सोडायला बोलावं लागत न्हाई."

पंधराला आंबवणी ठरली, म्हणजे ताण तोडायचं पहिलं हलकं पाणी. दैवशालेकडून तुला निरोप दिल्ता की गिरजाला कळव, पंधराला सकाळी तीन नको, दोन दाब. काल भागवतनं सहाच्या आत फ्यूज बसवले, वॉल उघडला, मी बघून घेतलं की बराबर फिरवला का. रामप्रसाद आळ्यात फावडं घेऊन उभा. सगळ्यांना वाटलं आता भागवत मिस कॉल देईल. त्यानं फोन खिशात घातला आन् बांधावर बसला.

सहा दहा झाले. काहीच न्हाई.

सव्वासहा झाले. रामप्रसाद म्हणला, मालक, लाइट जाईल. भागवत म्हणला थांब. माझ्या फोनाचीबी घंटी न्हाई. मी विहिरीच्या पायरीवर बसले, उठले, पुन्हा बसले. चारशे झाडं पन्नास दिवस तहानलेली, पण माझ्याएवढी तहान त्यांच्यातल्या एकालाबी नसंल. वीस झाले. भागवतनं खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला.

सहा पंचविसला मोटर चालू झाली. पाइपाला आधी खोकला आला, मंग पाणी. भागवत कोणाकडं न बघता खालच्या अंगाला निघून गेला, आळी बघायला म्हणून. पाठमोरा होता तरी मला कळलं.

नंतर दैवशालेकडून समजलं की तू तिला 'पंधराला तीन नको' एवढंच कळवलंस, 'दोन दाब' सांगायचं इसरलीस, आन् सहा वीसला आठवण होऊन परतूरला फोन लावलास. तो म्हणे तातेरावनं उचलला, ऐकून घेतलं, "सांगतो" म्हणला आन् ठेवला. एवढंच ना? तुझ्यासाठी एवढं बोलणं पुष्कळ झालं. काकूनं चहा दिला, त्यानं सांगतो म्हणलं. मी मोजून राह्यले.

आता तू मला लिहिलंस त्याचं. बराबर लिहिलंस. तिची घंटी मला येत होती, म्हणून माझी तिला जात न्हाई हे मी ध्यानात येऊ दिलं न्हाई. इसरणं तुझं येगळं, माझं येगळं. तुझं निदान खरं असतं. हे गिरजाला कसं सांगायचं? बोलायचं तर न्हाई. म्हणून फोटो बसवला त्या सकाळी मी तिच्या त्या बिनदाताच्या तोंडावर बोट ठेवलं. माझं बोट कोरडं, काच ओळखंना, पदरानं पुसून पुसून दाबलं. एक घंटी दिली, तोडली. मंग दुसरी. अशा पाच दिल्या, एका महिन्याची एक. तिकडून घटकाभर काही न्हाई. मंग तिची एक आली, लांब. इतकी लांब की मी उचलते का काय अशी भीती वाटली मला.

त्या अकरा झाडांना औंदा फूल येणार न्हाई. रामप्रसाद त्यांना मावशीची झाडं म्हणतो. भागवत त्याला गप म्हणत न्हाई.

आता तुझं काम. आपल्या घरातून परतूरला डबा जात न्हाई अजून, तुझ्याकडून जाऊ शकतो. रथसप्तमीच्या आत गिरजाला तीळगूळ पाठव. लाडू करू नको, वड्याबी न्हाई, चावायला दात न्हाईत तिला. तीळ मंद जाळावर भाज, करपू देऊ नको, मोबाईलकडं बघत भाजू नको. गार झाले की कूट कर, चिक्कीचा न्हाई, साधा गूळ किसून घाल, नुसतं कूट ठेव, चिमटीनं तोंडात टाकता येईल असं. डबा दाबून भर, वरून चमचाभर तूप सोड, आन् 'गोड बोला' म्हणून चिठ्ठी आत घालू नको.

सोनूबाई